पहिले ५१२ बाइट्स

विंडोज १० चा अधिकृत सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आणि तेव्हापासून मला येणाऱ्या फोनांचा विषयच बदलला. आधी लोक विचारायचे, "कुठला लॅपटॉप घेऊ?" आता विचारतात, "अरे, तो बूटवाला पेनड्राइव्ह कसा बनवायचा, सांग ना." लॅपटॉप धडधाकट आहे, पण विंडोज ११ ला हवी असलेली टीपीएम २.० त्यात नाही, नाहीतर प्रोसेसर यादीत बसत नाही. चांगलं चालणारं यंत्र भंगारात काढायला मन होत नाही (होऊही नये), मग कोणीतरी सुचवतं, लिनक्स टाक.

पेनड्राइव्ह बनवायची कृती दहा ओळींची आहे आणि महाजालावर हजार ठिकाणी सापडते. तरीही तीच कृती वाचून माणसं आपला डेटा घालवून बसतात. असं का होतं हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं. आज शनिवार आहे, चहा झालाय, घाई कोणालाच नाही. तर मंडळी, ही बूटची कुळकथा.

मुळात हा प्रश्न कोंबडी आधी की अंडं आधी या जातीचा आहे. डिस्कवरचा प्रोग्राम मेमरीत आणायचा तर ते काम करणारा दुसरा एक प्रोग्राम आधीच मेमरीत हवा. मग त्याला कोणी आणायचं? स्वतःच्या बुटांचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलायचं, अशी इंग्रजीतली कल्पना आहे. त्यावरून 'बूटस्ट्रॅप', आणि त्याचं तोकडं रूप 'बूट'. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःच्याच खांद्यावर चढून बसायचं.

१९७५ च्या अल्टेअर ८८०० यंत्रावर हे काम माणूस करायचा. समोरच्या पट्टीवर स्विचांची रांग असे. स्विच वरखाली करून एकेक बाइट मेमरीत घालायचा. असे थोडेसे बाइट झाले की एक चिमुकला लोडर तयार व्हायचा आणि तो मग कागदी पट्टीवरची भोकं वाचून मोठा प्रोग्राम आत घ्यायचा. पॉल ॲलन या अल्टेअरसाठी लिहिलेलं बेसिक दाखवायला अल्बुकर्कीला विमानाने निघाला होता. विमान उतरायच्या बेतात असताना त्याच्या लक्षात आलं, की लोडर लिहायचाच राहिलाय! तो त्याने तिथेच बसल्या जागी कागदावर लिहून काढला, आणि तो चालला. पुढे मायक्रोसॉफ्ट वगैरे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला या गोष्टीत भावतं ते वेगळंच. त्या काळी सुरुवातीचा प्रत्येक बाइट माणसाच्या बोटाखालून जायचा. यंत्र काय चालवणार आहे हे समोर बसलेल्याला पक्कं ठाऊक असायचं.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला आणि हे संपलं. स्विच गेले, त्यांच्या जागी रॉममध्ये कायमचा बसवलेला बायोस आला. बायोसने काय करायचं? फ्लॉपीचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट्स, वाचायचा, मेमरीत एका ठराविक जागी ठेवायचा आणि सूत्रं त्याच्या हाती देऊन मोकळं व्हायचं. तू कोण, कुठून आलास, कोणी पाठवलं, काही विचारायचं नाही. दारात पहिला जो उभा असेल त्याच्या हातात घराच्या किल्ल्या.

१९८३ मध्ये पीसी-एक्सटी आणि डॉस २.० बरोबर हार्डडिस्क आली, तेव्हा या ५१२ बाइट्समध्येही वाटण्या झाल्या: ४४६ बाइट्स प्रोग्रामला, ६४ बाइट्स पार्टिशनच्या नोंदींना (१६ बाइट्सच्या चार नोंदी), आणि शेवटचे २ बाइट्स खूण म्हणून. यालाच एमबीआर म्हणतात. तुमच्या टेराबाइटच्या डिस्कवर कुठला भाग कुठे सुरू होतो हे पुढे कितीतरी वर्षं या ६४ बाइट्समध्ये लिहिलेलं असायचं. म्हणजे सातबाऱ्याचा उतारा घराच्या उंबरठ्यावरच ठेवलेला! हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत बघा. डॉसच्या काळात चुकून साधी, डेटाची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये राहिली आणि मशीन सुरू केलं, तर पडद्यावर 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर' असा संदेश यायचा. बहुतेकांना वाटायचं, कॉम्प्युटर तक्रार करतोय. प्रत्यक्षात तो संदेश छापणारा प्रोग्राम त्या फ्लॉपीच्याच पहिल्या सेक्टरमध्ये असायचा. फॉरमॅट करतानाच तो तिथे लिहिला जायचा. थोडक्यात काय, 'बूट न होणारी' फ्लॉपीसुद्धा बूट होतच होती. फक्त ती उठून "मी नाही त्यातली" एवढंच सांगायची :)

हे भोक सगळ्यात आधी जगाला दाखवलं ते लाहोरच्या दोन भावांनी. बासित आणि अमजद फारूक अल्वी. १९८६ साली पसरलेला त्यांचा 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला व्हायरस मानला जातो. आपल्या सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी होऊ नये म्हणून तो लिहिला, असं त्यांचं सांगणं. त्यांनी व्हायरसमध्ये स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातले होते. (आजच्या हल्लेखोरांनी काही शिकावं असा सज्जनपणा.) ब्रेन ३६० केबीच्या फ्लॉपीचा मूळ बूट सेक्टर उचलून दुसरीकडे ठेवायचा, ती जागा 'खराब' म्हणून नोंदवायचा आणि स्वतः दारात उभा राहायचा. कोणी बूट सेक्टर वाचून तपासायला गेलंच, तर त्याला शांतपणे मूळ सेक्टर काढून दाखवायचा. म्हणजे चोर पोलिसाला म्हणतो, या ना साहेब, घर बघा, आणि शेजारच्याचं घर दाखवतो. हार्डडिस्कच्या वाटेला मात्र ब्रेन गेला नाही. पुढच्यांनी तेही केलं. १९८७ चा न्यूझीलंडचा 'स्टोन्ड', आणि त्यावरूनच बेतलेला 'मायकेलँजेलो', जो दर ६ मार्चला हार्डडिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहायचा. १९९२ च्या ६ मार्चआधी जगभर एवढा गहजब झाला की पन्नास लाख मशीन्स जातील असे आकडे छापून आले. प्रत्यक्षात फटका बसला काही हजारांना. पण ज्यांना बसला त्यांचा उंबरठ्यावरचा सातबारा गेला.

त्या काळात आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासेसमध्ये चपला बाहेर काढून एसी लॅबमध्ये जायची पद्धत होती. धुळीमुळे व्हायरस येतो असं गंभीरपणे सांगणारेही भेटायचे. फ्लॉपी मात्र खिशातून बिनधास्त आत जायची. असो.

पण फ्लॉपीत एक फार शहाणपणाची गोष्ट होती. सव्वापाच इंचीच्या कडेला एक खाच असायची. तिच्यावर चिकटपट्टी लावली की ड्राइव्ह लिहायलाच नकार द्यायचा. साडेतीन इंचीत ते काम एका सरकत्या खिट्टीने व्हायचं. हा नकार हार्डवेअरचा होता, कुठलाही सॉफ्टवेअर व्हायरस तो मोडू शकत नसे. बूट फ्लॉपी बनवायची, खिट्टी सरकवायची, मग ती कुठल्याही रोगट मशीनमध्ये घाला. आपल्या पेनड्राइव्हच्या कुळातून हा गुण पुढे नाहीसा झाला.

फ्लॉपींचा काळ संपला तो वजनाने. विंडोज ९५ फ्लॉपीवर घ्यायचं तर १३ फ्लॉपी लागायच्या, त्याही नेहमीपेक्षा जास्त ठासून भरलेल्या. बारावी वाचली गेली नाही की पहिल्यापासून पुन्हा. सीडी स्वस्त होत होती, पण बायोसला सीडीवरून बूट करता येत नव्हतं. १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएमने त्यावर तोडगा काढला, 'एल तोरितो'. हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन हॉटेलचं. तिथे जेवता जेवता ही कल्पना ठरली असं सांगतात. युक्ती सोपी होती: सीडीच्या आत एका फ्लॉपीची प्रतिमा ठेवायची आणि बायोसला भासवायचं की ही फ्लॉपीच आहे. जुन्या व्यवस्थेला न दुखवता नवीन काम करून घेणं, बूटच्या इतिहासात पुन्हा पुन्हा हेच दिसतं.

सीडीने नकळत सुरक्षाही दिली. कारखान्यातून छापून आलेल्या सीडीवर कोणी काही लिहू शकत नव्हतं. क्नॉपिक्ससारख्या लाइव्ह सीडी आल्या, आणि २००० च्या दशकात उबुंटू तर टपालाने फुकट सीडी पाठवायचं. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. आपल्याकडे कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलवर लिनक्स पोचलं ते त्या पाकिटांतून. ती सीडी खरी की खोटी, हा प्रश्नच कोणाला पडायचा नाही. पाकीटच सही होतं.

मग आला पेनड्राइव्ह. यूएसबीचं पहिलं मानक १९९६ चं. ते घडवणाऱ्यांपैकी इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, त्यामुळे यात आपल्या गायकवाड सरकारांचा थोडा हात आहे असं मी उगाचच मानतो. २००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने 'थंबड्राइव्ह' विकायला काढला. त्याच वर्षाअखेर आयबीएमने इस्रायलच्या एम-सिस्टम्सने बनवलेला ड्राइव्ह आपल्या नावाने आणला, क्षमता ८ एमबी! त्यावरून बूट करणं मात्र बरीच वर्षं नशिबाचा खेळ होता. बायोसमध्ये यूएसबी-फ्लॉपी, यूएसबी-झिप, यूएसबी-हार्डडिस्क असे पर्याय असायचे आणि यातला कोणता तुमच्या पेनड्राइव्हला लागू पडेल हे करून बघितल्याशिवाय कळायचं नाही.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे. लिनक्सची आयएसओ फाइल ही मुळात सीडीची प्रतिमा. सीडीच्या मानकात पहिले १६ सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइट्स, म्हणजे एकूण ३२,७६८ बाइट्स मोकळे सोडलेले आहेत. यंत्राला काही लिहायचं असलं तर असू दे, अशी ती राखीव जागा. सीडी वाचणारा तिकडे ढुंकूनही बघत नाही. उलट बायोस हार्डडिस्ककडे बघतो तेव्हा त्याला नेमके पहिले ५१२ बाइट्सच हवे असतात. हे दोघे एकमेकांच्या आड येतच नाहीत! एच. पीटर अन्व्हिन यांच्या सिसलिनक्स प्रकल्पात २००८ मध्ये 'आयएसओहायब्रिड' आलं, आणि त्याने त्या मोकळ्या अंगणात एक एमबीआर आणून बसवला. एकच फाइल, सीडीवर गेली तर सीडी, पेनड्राइव्हवर गेली तर हार्डडिस्क. इतकी सुबक तडजोड मी क्वचितच पाहिली आहे.

पण या सोयीबरोबर धोकाही घरात आला. आता आयएसओ फाइल जशीच्या तशी, बाइटला बाइट, पेनड्राइव्हच्या सुरुवातीपासून लिहून काढली की काम झालं. आणि ते लिहिणारं हत्यार युनिक्समध्ये आधीपासून होतं: 'डीडी'. १९७४ च्या युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीपासूनची ही आज्ञा. तिची भाषासुद्धा युनिक्ससारखी नाही, आयबीएम मेनफ्रेमवरच्या जेसीएलसारखी आहे. कुठून घ्यायचं ते सांगा, कुठे लिहायचं ते सांगा, ती लिहिते. "नक्की ना?" असं ती विचारत नाही. तिला 'डिस्क डिस्ट्रॉयर' म्हणायची जुनी थट्टा आहे, आणि ती पुरती थट्टा नाही.

आमच्या एका माजी सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई डिस्क होती. लिनक्सवर तिचं नाव वेगळ्या धाटणीचं असतं, त्यामुळे एसडीए, एसडीबी ही नावं मोकळी राहतात आणि बाहेरून जे आधी लागेल त्याला एसडीए मिळतं. पहिल्या रात्री फोटोंची एक्स्टर्नल डिस्क आधीच लावलेली होती, ती एसडीए. पेनड्राइव्ह एसडीबी. काम नीट झालं, पण लॅपटॉप बूट झाला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी वेगळी आयएसओ आणली. यावेळी पेनड्राइव्ह आधी लावलेला होता, एक्स्टर्नल डिस्क मागाहून. त्याने वरचा बाण दाबून कालचीच कमांड आणली, फाइलचं नाव तेवढं बदललं आणि एंटर मारलं. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकत नाही हे लक्षात यायला अर्धं मिनिट गेलं.

उंबरठ्यावरचा सातबारा गेला, शिवाय ओसरीही गेली. फोटोरेक नावाच्या साधनाने बरेचसे फोटो परत मिळाले, पण नावांशिवाय, फोल्डरांशिवाय, एका ढिगात. मोठ्या फाइल्स डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या असतात, त्या अशा सुटत नाहीत. त्याच्या वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांतले बहुतेक व्हिडिओ त्यातच होते. कॉपी दुसरीकडे नव्हती. यावर त्याला कोणी काय बोलणार? आम्ही चहा प्यायला गेलो.

विंडोजवर हाच प्रकार 'डिस्कपार्ट' मध्ये होतो. लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून झाल्यावर विंडोजला तो लावला की "फॉरमॅट करू का?" अशी खिडकी येते किंवा ३२ जीबीच्या जागी काही एमबीच दिसतात. माणूस घाबरतो, कुठेतरी वाचून डिस्कचा क्रमांक निवडतो आणि 'क्लीन' म्हणतो. क्रमांक चुकला की संपलं. खरं तर पेनड्राइव्हला काहीही झालेलं नसतं. विंडोजला ती रचना वाचता येत नाही, एवढंच.

ग्राफिकल साधनं आली ती हीच जागा सुरक्षित करायला. विंडोजची आयएसओ हायब्रिड नसते, त्यामुळे डीडीचा तिथे उपयोगच नाही. शिवाय आतली एक फाइल बऱ्याचदा ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ वर मावत नाही. २०११ मध्ये पीट बटार्ड यांनी सुरू केलेल्या रुफसने या दोन्हींवर उपाय केले. एचर २०१६ चा. तो सिस्टिमच्या डिस्का यादीत दाखवतच नाही आणि लिहून झाल्यावर पुन्हा वाचून ताडून बघतो. जाणकार मंडळी एचरला नाकं मुरडतात, केवढं मोठं ॲप, केवढंसं काम. मला विचाराल तर एक चुकीचा पर्याय लपवणं हेच त्यातलं मोठं काम आहे.

झालं, कुठे लिहायचं ते ठरलं. पण काय लिहायचं? टपालाच्या पाकिटाबरोबर गेलेली सही इथे परत विचारावी लागते. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये कोणी घुसलं आणि १७.३ सिनॅमन आवृत्तीचा डाउनलोडचा दुवा बदलला. त्या दिवशी ज्यांनी तो दाबला त्यांना अगदी खऱ्यासारखी दिसणारी आणि चालणारी मिंट मिळाली, फक्त तिच्यात 'त्सुनामी' नावाचा मागचा दरवाजा होता. यातला बोचणारा भाग असा, की हल्लेखोराने पानावरचा चेकसमही आपल्या खोट्या फाइलला जुळेल असा बदलला होता. म्हणजे ज्यांनी इमानदारीत चेकसम तपासला त्यांचाही ताळा बरोबर आला! चोराने दिलेली पावती चोराच्या मालाशी जुळणारच. चेकसम सांगतो की फाइल वाटेत बिघडली नाही. ती कोणाकडून आली हे सांगते ती जीपीजीची सही, आणि तीही, किल्ली दुसऱ्या ठिकाणाहून पडताळली असेल तरच.

यूईएफआय आणि सिक्युअर बूटचं थोडक्यात सांगतो, कारण तो वेगळ्या शनिवारचा विषय आहे. ५१२ बाइट्सची जागा आता फॅट पार्टिशनवरच्या एका ठराविक नावाच्या फाइलने घेतली आहे आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर यंत्र प्रथमच सही विचारू लागलं. लिनक्सवाले 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतात आणि त्यामागून आत येतात. २०२३ मध्ये विश्लेषण झालेला 'ब्लॅकलोटस' याही पहाऱ्यातून गेला. त्याने विंडोजचाच एक जुना, सही असलेला पण भोक असलेला लोडर सोबत आणला होता. सही खरी, माणूस जुना. ब्रेनवाल्या भावांना आवडलं असतं. आणि सिक्युअर बूट बंद करूनच लिनक्स टाकता येतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. उबुंटू, फेडोरा, डेबियन हे सगळे तो चालू ठेवून बसतात.

आता मला फोन करणाऱ्यांना मी काय सांगतो ते. आधी डेटाची कॉपी अशा डिस्कवर, जी नंतर काढून कपाटात ठेवायची. टेबलावरही नको. मग पेनड्राइव्ह सोडून बाहेरचं सगळं उपसून काढायचं. लिनक्सवर 'एलएसबीएलके' चालवून नावाकडे नाही तर आकाराकडे बघायचं: ३२ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण २९ दिसतो, आणि तेवढी दुसरी डिस्क घरात सहसा नसते. कमांड दरवेळी नव्याने टाइप करायची. विंडोजवर 'सर्टयूटिल' ने एसएचए-२५६ काढता येतो, पण तो ज्या यादीशी जुळवायचा तिची सही आधी तपासायची. लिहून झालं असं दिसलं तरी लगेच उपटायचा नाही, कारण बराच मजकूर तोवर मेमरीतच रेंगाळत असतो. 'सिंक' होऊ द्यायचं, 'इजेक्ट' म्हणायचं, मग काढायचा. रस्त्यावर स्वस्तात मिळालेला '५१२ जीबी' या कामाला वापरायचा नाही. असले ड्राइव्ह आतून ८ किंवा १६ जीबीचे निघतात आणि पुढचं लिखाण मुकाट गिळतात. आणि लिहून आलेला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला न्यायचा नाही. त्यावर आता कोणीही लिहू शकतो.

त्या शेवटच्या गोष्टीसाठी मी लिहिणं बंद करायचं बटण असलेला पेनड्राइव्ह शोधत होतो. तसे बनतात, थोडे महाग असतात. एसडी कार्डाच्या कडेची खिट्टी चालणार नाही, तिचा मान राखायचा की नाही ते कार्ड ठरवत नाही, रीडर ठरवतो. परवा मुंबईला गेलो होतो तेव्हा लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं पालथी घातली. चौथ्या दुकानातल्या काकांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं, फ्लॉपीची खिट्टी म्हटल्यावर हसलेसुद्धा, आणि म्हणाले, "कळलं हो. पण ज्यावर लिहिताच येत नाही असा पेनड्राइव्ह मी विकणार कोणाला?"

३२ जीबीचा साधाच घेऊन आलो.